चौकशी कुठवर आली, परब?

सिस्टर,

गेल्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला लावलं. तुझ्या स्नेहलने माइक हातात दिला आणि म्हणाली, "काका, आईबरोबर तुम्ही बावीस वर्षं काढलीत, तुम्हीच बोला." मी उभा राहिलो, "वाघमारे सिस्टर म्हणजे शिस्त" एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य अडकलं. लोकांना वाटलं दुःख. दुःख होतंच, पण अडकलेलं वाक्य वेगळं होतं. ते मी तुला नऊ वर्षं सांगितलं नाही. घाटकोपरच्या त्या विहाराच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत सांगायची माझी छाती नव्हती. खाली बसलो. शेजारच्या गृहस्थांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती मी निम्मी शर्टावर आणि निम्मी लादीवर सांडली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "परब, लादी ओली झाली. कोणीतरी घसरेल. आधी पूस."

पुसली मी. रुमालाने. मग घरी येऊन हे लिहायला घेतलं.

मी सेफ्टी ऑफिसर कसा झालो हे तुला माहीत आहे, पण तुला ते परत परत ऐकायला आवडायचं. दुपारच्या डब्याला तू कोणीतरी नवीन सिस्टर पकडून आणायचीस आणि म्हणायचीस, "हिला सांग ना रे, ती विकेटची गोष्ट." तर पुन्हा एकदा सांगतो. मुलुंडचं आपलं ट्रस्टचं हॉस्पिटल, साठ खाटांचं. तू जनरल वॉर्डची इन्चार्ज, मी स्टोअरकीपर. हॉस्पिटलातल्या कचऱ्याचे नवे नियम आले होते आणि मोठ्या ट्रस्टी साहेबांनी सगळ्यांची मीटिंग लावली होती. मी मागच्या खुर्चीवर, टेबलाखाली मोबाइल धरून स्कोअर बघत होतो. साहेब म्हणाले, "कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी कोणीतरी स्वतःहून घ्यायला हवी." नेमकी त्याच क्षणी विकेट पडली आणि माझा हात आपोआप वर गेला, मूठ आवळून. साहेबांना गहिवरून आलं. "बघा, परब कसे पुढे आले." टाळ्या झाल्या. तू वाकून माझ्या कानात म्हणालीस, "विकेट गेली, परब. तुझीच."

आडनाव वाघमारे आणि पालीला घाबरणारी बाई तू. पण सुईच्या बाबतीत तुला कोणाची भीड नव्हती. नियमांचं ते जाडं पुस्तक मी स्टोअरच्या खिडकीला टेकण म्हणून लावलं होतं. ते काढून नेलंस आणि पेन्सिलीने रेघा मारत महिनाभर वाचत बसलीस. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला काविळीची लस मिळाली पाहिजे, कंत्राटी मावशीलासुद्धा, हे तू साहेबांना पान उघडून दाखवलंस. सुई टोचली तर त्याच दिवशी नोंद झाली पाहिजे म्हणून रजिस्टरही तूच मागवलंस. मी म्हटलं, "अगं, इन्स्पेक्शनला वेळ आहे अजून." तू म्हणालीस, "इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो रे. सुई रोज येते."

आता बोर्डाकडे यायला हवं. टाळत होतो.

वॉर्डात लावायला मराठीत बोर्ड हवा, असं ठरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मजकूर माझ्याकडे. मी ऐटीत कागदावर लिहिलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला आणि कागद तुला तपासायला दिला. तू परभणीला भाच्याच्या लग्नाला निघाली होतीस, बॅग हातात. उभ्या उभ्या वाचलंस आणि लाल पेनाने एका शब्दाच्या मध्ये उभी रेघ ओढलीस. "परब, शब्द सगळे एका दमात लिहितोस तू. मध्ये श्वास घेत जा." कागद माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवला. आणि संध्याकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन आला तेव्हा टेबलावरचा कागद कोण शोधणार, म्हणून मोबाइलमधला फोटो त्याला पाठवून दिला. रेघ मारण्याआधीचा.

सोमवारी बोर्ड लागला. झकास दिसत होता. बुधवारी सकाळी मी नवीन स्टाफला सुरक्षेवर व्याख्यान दिलं. त्यात प्राजक्ता होती, नोकरीला लागून आठवडा झालेली, वहीत सगळं उतरून घेणारी. तिच्यासमोर मी जरा जास्तच रंगलो. पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, सुयांना पांढरा डबा. वाकून लाल पिशवी दाखवताना खिशातला चष्मा तिच्यात पडला. एक मावशी म्हणाली, "थांबा साहेब, चिमटा आणते." मी म्हटलं, "चिमटा कशाला? लाल पिशवीत फक्त प्लास्टिक. सुई नसतेच. हाच तर नियम." आणि हात घातला.

चष्मा मिळाला. सोबत एक सुई मिळाली.

पुढे जे केलं ते व्याख्यानात बसणारं नव्हतं. मी बोट तोंडात घातलं. पंधरा माणसांसमोर, सेफ्टी ऑफिसर, बोट तोंडात. आणि त्याच वेळी तू दारात. परभणीच्या गाडीतून उतरून थेट आलेली, अंगावर लग्नातली साडी, हातात बॅग.

"परब, ते बोट तोंडातून काढ. तू काय अंगावर पितोस का अजून?"

"सिस्टर, चष्मा पडला होता..."

"नळ."

माझं मनगट धरून नळाखाली नेलंस. साबण लावलास. मी बोट दाबून रक्त काढायला गेलो तर हातावर चापट मारलीस. "दाबू नको. वाहू दे नुसतं." मग डॉक्टरांकडे. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या तासाभराच्या आत सुरू झाल्या, हे तुझ्यामुळे. मी तर बँडेज लावून घरी जाणार होतो. आणि मग रजिस्टर उघडून माझ्यासमोर बसलीस.

"नाव?"

"सिस्टर, तुला माहीत आहे ना माझं नाव."

"रजिस्टरला माहीत नाही. नाव?"

"दिगंबर परब."

"हुद्दा?"

"स्टोअरकीपर."

"आणि?"

मी खाली बघत म्हटलं, "सेफ्टी ऑफिसर."

तू लिहायची थांबलीस. खांदे हलायला लागले. इतकी हसलीस की पदर डोळ्यांना लावावा लागला. मीही हसलो. पण पुढची ओळ लिहिण्याआधी तू माझं बोट पुन्हा एकदा उलटंसुलटं करून बघितलंस, हे माझ्या लक्षात आहे, सिस्टर. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

मी तुला विनवलं. म्हटलं, सोमवारी इन्स्पेक्शन आहे, नोंद नको ना, वाट लागेल माझी. तू पेन खाली ठेवलंस. "नोंद नाही केली म्हणजे सुई लागली नाही का? उद्या रक्तात काही निघालं, तर ड्युटीवर लागलं हे सिद्ध कसं करशील? तुझ्या सुनंदाला काय मिळेल मग? तुझा चष्मा?" तू एकेक रकाना भरत गेलीस. 'कारण' या रकान्यापाशी आलीस आणि प्राजक्ताला हाक मारलीस.

"बाळा, सुईला टोपण तू लावलंस?"

"हो सिस्टर." पोरगी रडायच्या बेतात.

"कॉलेजात काय शिकवलं?"

"लावायचं नाही म्हणून."

"मग?"

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझा बोर्ड, हिरव्या अक्षरांत, हातभर उंच. त्यावर असायला हवं होतं, 'वापरलेल्या सुईला टोपण लावू नये.' आणि होतं, 'वापरलेल्या सुईला टोपण लावून ये.' मी जोडून लिहिलेल्या 'लावूनये'मधला एक न इकडचा तिकडे सरकला होता. पोरीला वाटलं, इथली पद्धत असेल. तिने बोर्डाचं ऐकलं. टोपण लावलेली सिरिंज मावशीला निरुपद्रवी प्लास्टिक वाटली, लाल पिशवीत गेली. पिशवीत टोपण निघालं. आणि सुई ज्याने बोर्ड लिहिला त्याचाच पत्ता शोधत आली.

तू बोर्डासमोर उभी राहून सावकाश वाचलंस. "टोपण... लावून... ये." मग माझ्याकडे वळून विचारलंस, "कुठे येऊ, परब?"

'कारण'च्या रकान्यात तू पेन्सिलीने लिहिलंस, 'चौकशी चालू'. अख्ख्या रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहिलेली तेवढीच एक नोंद. आणि माझ्याकडे सरकवून म्हणालीस, "हे पक्कं तू करायचं. तुझ्या अक्षरात."

सगळं तुझ्या हातात असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण साहेबांनी दुसऱ्याच दिवशी प्राजक्ताला मेमो दिला. निष्काळजीपणा. प्रोबेशनवरची मुलगी, मेमो म्हणजे घरी जायची तयारी. तू बोर्ड भिंतीवरून उतरवलास आणि काखेत मारून सरळ मीटिंगमध्ये आलीस, एखादी बाई धुवायची चटई घेऊन पाणवठ्यावर निघावी तशी. टेबलावर उलगडलास. "साहेब, मेमो द्यायचाच तर ह्याला द्या. मुलीने लेखी सूचना पाळली आहे."

साहेबांनी बोर्ड वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "परब, हे कोणी लिहिलं?"

सिस्टर, मला तो क्षण इतक्या वेळा आठवला आहे की आता त्यातली खुर्चीसुद्धा पाठ आहे. तुझ्या एप्रनच्या खिशातून एका कागदाचा कोपरा बाहेर आला होता. त्यावर कपाचा तपकिरी गोल डाग होता. मी तो ओळखला. लाल रेघेचा कागद. तू माझ्या टेबलावरून उचलला होतास.

मी म्हटलं, "फ्लेक्सवाल्याने जागा चुकवली, साहेब."

तू खिशात हात घातलास. मला वाटलं, संपलं. तुझा हात खिशातच राहिला. साहेबांनी मेमो मागे घेतला, फ्लेक्सवाल्याला पुन्हा काम द्यायचं नाही असं सांगितलं आणि मीटिंग उठली. जिन्यात मी तुझ्या मागे मागे. म्हटलं, "सिस्टर, ते..." तू वळलीस. मी म्हटलं, "चहा घेऊ या का?" तू माझ्याकडे बघत राहिलीस. "घेऊ या," म्हणालीस.

मुलगी वाचली होती, तुला तेवढंच हवं होतं. बाकीचं माझ्यावर सोडलंस. असं सोडणं मेमोपेक्षा जड असतं गं.

पुढचे अठ्ठावीस दिवस गोळ्या. तोंडाची चव गेली, उलट्या सुरू झाल्या. घरी सांगितलं, पित्त झालंय. तू आठव्या दिवशी विचारलंस, "सुनंदाला सांगितलंस?" मी म्हटलं, सांगतो. पुढच्या रविवारी तू भांडुपला माझ्या दारात. सुनंदाने बांगडे केले होते. मराठवाड्याची तू, मासा समोर आला की त्याच्याकडे पेशंटसारखी बघायचीस. सुनंदा काटे काढून तुझ्या ताटात वाढत होती आणि तू तिला एकेक गोष्ट नीट सांगत होतीस, सुई कशी लागली, गोळ्या कशाला, किती दिवस काय जपायचं, घाबरायचं किती आणि कशाला घाबरायचं नाही. सुनंदाने काटे काढायचं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळली. "आणि तुमी माका पित्त सांगितलास?" त्या एका वाक्यानंतर मला इन्स्पेक्टरची भीती कधी वाटली नाही.

सहा महिन्यांत रक्ताच्या तीन तपासण्या. प्रत्येक वेळी मी टाळाटाळ करायचो. स्टोअरमध्ये माल आलाय, आज पाठ दुखते. तू लॅबच्या दिशेला हात करून म्हणायचीस, "जाऊन ये." मी म्हणायचो, "काय म्हणालीस? जाऊ नये? बरोबर आहे, नाही जात." पहिल्यांदा तू चिडलीस. दुसऱ्यांदा हसलीस. तिसऱ्यांदा, शेवटच्या तपासणीला, तू नुसतीच माझ्याबरोबर चालत आलीस आणि लॅबबाहेरच्या बाकावर बसून राहिलीस. रिपोर्ट चांगला आला तेव्हा पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी काढून दिलीस. त्यावर तुझ्या सवयीने लेबल: नाव, तारीख, 'झाकण घट्ट लावावे'.

त्यानंतर तो खेळ आपला झाला. कँटीनमध्ये मी दुसऱ्या वड्याला हात घातला की तू लांबून ओरडायचीस, "परब, खाऊ नये." मी म्हणायचो, "खाऊन येतो." नव्या सिस्टर्सना कळायचं नाही, ही दोघं म्हातारी कशावर हसतात. आणि दर वर्षी रजिस्टरचा अहवाल करायची वेळ आली की तू ते पान उघडायचीस, पेन्सिलीच्या दोन शब्दांवर बोट ठेवायचीस आणि विचारायचीस, "चौकशी कुठवर आली, परब?" मी म्हणायचो, "साक्षीदार सापडत नाही, सिस्टर." तू म्हणायचीस, "आरोपी तर सापडलाय." आणि पान मिटायचीस. एकदाही जास्त बोलली नाहीस. एकदा मी चिडून म्हटलं, "सगळं नीट झालं ना? मुलगी कायम झाली, मला काही झालं नाही. आता कशाला उकरायचं?" तू म्हणालीस, "त्या फ्लेक्सवाल्याला विचारलंस का, त्याचं नीट झालं का ते?" त्या दिवशी आपण वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो. हा वाद आपला राहूनच गेला.

विचारलं नव्हतं. तू गेल्यावर, आता, परवा गेलो. त्याच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. विकणाऱ्याला आधी तिथे कोण होतं हेही माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू रिटायर झालीस तेव्हा भाषणं झाली, नारळ झाला. निघताना रजिस्टर माझ्या हातात दिलंस. "अर्धी चौकशी सोडून चालले मी. तुझ्याकडे ठेव." मी म्हटलं, "रिटायर होऊ नये, सिस्टर." तू म्हणालीस, "होऊन ये म्हणतोस का? बरं, आले होऊन."

शेवटचा भेटलो तो तुझ्या घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. मला बघून तू बोट वर केलंस. मी पाणी पुढे केलं, मान हलवलीस. उशी नीट केली, पुन्हा मान हलवलीस. शेवटी बोटाच्या दिशेने बघितलं तर पलीकडच्या खाटेपाशी एक सिस्टर सुईला टोपण लावत होती. मी जाऊन तिला सांगितलं. तिने मला विचारलं, "आपण कोण?" नऊ वर्षांत पहिल्यांदा मी न अडखळता म्हटलं, "सेफ्टी ऑफिसर." परत आलो तर तुझे डोळे हसत होते. ती वेळ होती, सिस्टर. वाक्य ओठांवर होतं. फ्लेक्सवाला नव्हता, मीच होतो, आणि तू खिशातून हात बाहेर काढला नाहीस त्याबद्दल... पण भेटायची वेळ संपली म्हणून वॉचमन आला आणि मी तुझी चादर सारखी करून निघालो. मी पुन्हा चहाच विचारला असता बहुतेक.

सोमवारी ड्युटीवर गेलो. तुझ्या जागी आता प्राजक्ता इन्चार्ज आहे. तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. फोटो, लाल रेघ, कपाचा डाग, मीटिंग. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या काका. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "त्या दोन दिवसांत मी घरी सांगितलं होतं, नोकरी गेली म्हणून. आई आजारी पडली होती माझी." ती उठली, माझ्या कपाटातून रजिस्टर काढलं, ते पान उघडलं आणि माझ्यासमोर पेन ठेवलं. "खाडाखोड नको. खाली आजची तारीख घालून लिहा." तुझाच आवाज, सिस्टर, अगदी तोच.

मी लिहिलं. 'चौकशी पूर्ण. मजकूर लिहिणारा मी. सिस्टर वाघमारे यांनी चूक आधीच दुरुस्त करून दिली होती, ती मी पाठवली नाही. फ्लेक्स करणाऱ्याचा दोष नाही.' सही केली. प्राजक्ताने वाचलं आणि एका ठिकाणी पेनाने उभी रेघ मारली. दोन शब्द चिकटले होते.

साहेबांना प्रत पाठवली आहे. रिटायर व्हायला पाच महिने आहेत, मेमो आला तर फ्रेम करून ठेवीन. घरी सुनंदाला पहिल्यांदा माझ्या तोंडाने सांगितलं, पित्त नव्हतं म्हणून.

आता निरोप. स्नेहलने सांगितलं आहे, आईच्या फोटोखाली ठेवायला दोन शब्द लिहून द्या काका, छोट्या चिठ्ठीवर. दोनच शब्द हवे होते, त्यामुळे विचार करायला नको होता. त्या दिवशी चादर सारखी करताना जे म्हणायचं होतं तेच लिहिलं. जाऊ नये. लिहून चिठ्ठी उजेडात धरली. घाईत लिहिलेली, नेहमीसारखी एका दमात, आणि जागा पुन्हा भलतीकडेच पडली होती.

जाऊन ये.

लाल पेन समोर होतं, सिस्टर. उचललं नाही.